सहा मिनिटांची चाल-चाचणी आणि चालण्याचे पुनर्वसन : स्क्लेरोडर्मा असलेल्या रुग्णाचा अभिप्राय

साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत २६ वर्षे गणित शिकवल्यानंतर मी मुदतीआधी निवृत्ती घेतली, त्याचे कारण सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे ज्याला बोलण्यात स्क्लेरोडर्मा म्हणतात तो, कातडी आणि आतले अवयव ताठ करत नेणारा आजार. निदान २०१७ साली झाले. गेल्या हिवाळ्यात महिन्याभराच्या अंतराने मी पुण्यात दोन ठिकाणी ‘सिक्स मिनिट वॉक’ ही चाचणी करून घेतली आणि दुसऱ्या ठिकाणी पुढे १२ आठवड्यांचे पुनर्वसनही, म्हणजे देखरेखीखालचे व्यायामही, पूर्ण केले. पहिल्या ठिकाणी मी २२८ मीटर चालले, दुसऱ्या ठिकाणी ३८१ मीटर. मधल्या महिन्यात एकही औषध बदललेले नव्हते, त्यामुळे हा फरक माझ्या प्रकृतीपेक्षा चाचणी घेण्याच्या पद्धतीचा आहे, असे मानण्यास जागा आहे. दोन्ही केंद्रांची नावे मी देत नाही. पहिल्याचे न देण्याचे कारण पुढे कळेलच. दुसऱ्याचे दिले तर पहिले कोणते हे त्या भागातल्या लोकांना ओळखायला वेळ लागणार नाही.

चाचणी दिसायला अगदी साधी आहे. ३० मीटर लांबीची सपाट, मोकळी जागा, दोन टोकांना दोन शंकू, एक घड्याळ, एक खुर्ची आणि बोटाला किंवा अन्यत्र लावलेला ऑक्सिमीटर (रक्तातील प्राणवायूचे प्रमाण टक्क्यांत दाखवणारे यंत्र) एवढ्यावर ती होते. रुग्णाने आपल्या गतीने सहा मिनिटांत जमेल तेवढे अंतर चालायचे, दम लागला तर थांबायचे, भिंतीला टेकायचे, पुन्हा चालायचे; घड्याळ मात्र थांबत नाही. तिचे मूळ १९६८ साली केनेथ कूपर यांनी धडधाकट माणसांसाठी मांडलेल्या १२ मिनिटांच्या धावण्याच्या चाचणीत आहे. छातीच्या रुग्णांना एवढा वेळ झेपत नाही म्हणून ती पुढे सहा मिनिटांवर आली. २००२ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने तिचे नियम ठरवून दिले आणि २०१४ साली युरोपातील श्वसनतज्ज्ञांच्या संस्थेबरोबर मिळून ते अधिक काटेकोर केले. चाचणी इतकी साधी असल्यामुळेच ती कशीही घेतली तरी चालते असा समज काही ठिकाणी झालेला दिसतो.

पहिले केंद्र एका मोठ्या रुग्णालयातील फुफ्फुस-तपासणी विभागात होते. मी पहाटेच्या एसटीने निघाले होते आणि डिसेंबर असल्यामुळे खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंतच माझी बोटे आधी पांढरी आणि मग निळी पडली होती. याला रेनॉड म्हणतात. थंडीने किंवा मनावरच्या ताणाने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि बोटापर्यंत रक्त नीट पोहोचत नाही. आमच्या आजारात हे बहुतेक सर्वांना असते आणि अनेकांना ते बाकीच्या लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते. विभागाच्या दारात ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी होती. आत वातानुकूलन सुरू होते. म्हणजे गार फरशीवर अनवाणी, गार हवेत आणि आधीच निळ्या बोटांनी माझी चाचणी होणार होती. कपड्यांबद्दलही कोणी आधी सांगितले नसल्यामुळे मी साडीत होते.

चालण्याची जागा ३० मीटरची नव्हती. दोन दारांमधला सुमारे १२ मीटरचा बोळ होता आणि त्यातून परिचारिका, नातेवाईक, एकदा तर रिकामे स्ट्रेचरही जात होते. ३० मीटरच्या मार्गावर ३०० मीटर चालताना नऊ वेळा वळावे लागते, तर १२ मीटरच्या मार्गावर चोवीस वेळा. प्रत्येक वळणाला माणूस मंदावतो आणि पुन्हा वेग घेतो. तंत्रज्ञ मुलगी मनाने चांगली होती, पण ती माझ्या शेजारून गप्पा मारत चालत होती. नियमानुसार चाचणी घेणाऱ्याने बरोबर चालायचे नसते, कारण मग रुग्ण स्वतःच्या गतीने न चालता त्याच्या गतीने चालतो. बोलण्यात श्वास खर्च होतो तो वेगळाच.

चौथ्या मिनिटाला ऑक्सिमीटरवर ७४ हा आकडा आला. तिने मला तत्काळ खुर्चीवर बसवले आणि चाचणी तिथेच संपवली. याबद्दल माझी तक्रार नाही. प्राणवायूचे प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली गेले तर चाचणी थांबवावी असाच संकेत आहे. तक्रार पुढची आहे. मला त्या क्षणी विशेष धाप लागलेली नव्हती, ओठ निळे नव्हते, मी स्पष्ट बोलत होते आणि पडद्यावरची नाडीची रेघ सपाट होत मधूनमधून नाहीशी होत होती. एवढ्या विसंगती समोर असताना दुसऱ्या जागी मोजून पाहणे हे दोन मिनिटांचे काम होते. ते न करता अहवालावर ‘२२८ मीटर, श्रमाने प्राणवायूत तीव्र घट’ असे छापून आले. सहा मिनिटे पूर्ण झाली नाहीत, हा उल्लेखही त्यात नव्हता. त्या अहवालाच्या आधारावर तिथल्या समुपदेशन टेबलावर मला घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून प्राणवायू वेगळा करून देणारे यंत्र) ठेवण्याचा सल्ला आणि भाड्याचे दरपत्रक मिळाले. फी ९०० रुपये होती.

ऑक्सिमीटर कसा काम करतो हे मी नंतर समजून घेतले. तो तांबडा आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून आरपार सोडतो आणि नाडीच्या ठोक्याबरोबर कमीजास्त होणाऱ्या रक्तात कोणता प्रकाश किती शोषला गेला, यावरून प्राणवायूचे प्रमाण ठरवतो. ठोका बोटापर्यंत पोहोचतच नसेल तर यंत्र उरल्यासुरल्या संकेतावरून अंदाज बांधते आणि चालताना हात हलल्यामुळे तो अंदाज आणखी बिघडतो. म्हणून स्क्लेरोडर्मामध्ये कपाळावर लावायचा संवेदक बोटाच्या संवेदकापेक्षा अधिक भरवशाचा ठरतो. कपाळाच्या रक्तवाहिन्या थंडीने बोटांसारख्या मिटत नाहीत. मात्र बोटावरचा प्रत्येक कमी आकडा खोटाच असतो, असा अर्थ कोणी काढू नये. फुफ्फुसांचे तंतुमयीकरण (फुफ्फुसात व्रणासारखे तंतू वाढून ते ताठ होणे) किंवा फुफ्फुसधमनीतील वाढलेला दाब या दोन्हींत चालताना प्राणवायू खरोखर घसरतो आणि आमच्या आजारात जिवाला सर्वांत मोठा धोका याच दोन गोष्टींचा असतो. आकडा खोटा असल्याची शंका ही पुन्हा मोजण्यासाठी असते, घरी जाण्यासाठी नव्हे.

माझ्या संधिवाततज्ज्ञांनी अहवाल वाचला, माझे हात हातात घेतले आणि विचारले, “चाचणीच्या वेळी बोटं अशीच गार होती का?” मी हो म्हटल्यावर त्यांनी मला दुसऱ्या केंद्राचा पत्ता लिहून दिला.

हे केंद्र लहान आहे. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, फिजिओथेरपिस्ट चालवतात. फोनवर वेळ ठरवतानाच त्यांनी सांगितले की रोजची औषधे नेहमीप्रमाणे घ्यायची, हलके खाऊन यायचे, चाचणीआधी दोन तास दगदग करायची नाही, सलवार-कमीज घालायचा आणि ज्या बुटांत रोज चालता तेच बूट आणायचे. येताना गेल्या सहा महिन्यांतील सर्व अहवालही मागितले. तिथे गेल्यावर आधी १० मिनिटे खुर्चीत बसवले, हातांत गरम पाण्याची पिशवी दिली आणि कपाळावर पट्टीने संवेदक बसवला. ३० मीटरचा मार्ग इमारतीच्या लांब गच्चीवजा सज्जात आखलेला आहे, दर तीन मीटरवर रंगाची खूण आहे आणि चाचणी सुरू असताना तिथे कोणी येत नाही.

चाचणी घेणाऱ्या मॅडमनी सूचना कागदावरून वाचून दाखवल्या, त्या मला आवडल्या, कारण शिक्षकाला शब्द बदलले की प्रश्न बदलतो हे ठाऊक असते. “ताई, तुम्ही थांबलात तरी चालेल, घड्याळ मात्र थांबणार नाही. जमेल तेवढं जास्त अंतर कापायचं, पण पळायचं नाही.” पहिले मिनिट संपताच त्या म्हणाल्या, “छान चाललंय. अजून पाच मिनिटं.” दर मिनिटाला एवढेच, त्याच स्वरात. कुणाला उत्साहाने ओरडून आणि कुणाला पुटपुटत सांगितले तर अंतरात फरक पडतो, म्हणून वाक्येही ठरलेली असतात. पहिल्या खेपेस ३६६ मीटर झाले. तासाभराच्या विश्रांतीनंतर पुन्हा चालवले, तेव्हा ३८१. दुसऱ्या खेपेस बहुतेकांचे अंतर वाढते, कारण आपला वेग कसा राखायचा हे कळलेले असते; म्हणून दोनदा घेऊन मोठा आकडा नोंदवायचा असा नियम आहे. प्राणवायूचे सर्वांत कमी प्रमाण ९१ टक्के भरले. कॉन्सन्ट्रेटरचे दरपत्रक मी त्या दिवशी फाडले.

मात्र या केंद्राला मी गुण देते ते ३८१ या आकड्यासाठी नव्हे, तर त्यानंतर विचारलेल्या एका प्रश्नासाठी: “याहून जास्त का चालता आलं नाही, कशानं अडवलं?” दम आणि पायांचा थकवा शून्य ते दहा अशा मापावर वेगवेगळे विचारले. दमाला मी तीन दिले, पायांना सात. मग त्यांनी बूट-मोजे काढायला लावून पावले पाहिली. एवढ्या वर्षांत हातांची बोटे सगळ्यांनी पाहिली होती, पावले क्वचितच. चवड्याखालची नैसर्गिक गादी झिजलेली होती, दोन बोटे वाकून वर आली होती आणि डाव्या चवड्याखाली चुन्याची गाठ होती. कातडीखाली कॅल्शियमचे असे खडे साठणे हाही या आजाराचाच भाग आहे. म्हणजे प्रत्येक पाऊल मी खड्यावर टाकत होते आणि पहिल्या केंद्रात तर अनवाणी.

त्यांनी समजावलेली गोष्ट मी माझ्या शब्दांत मांडते. इतर फुफ्फुसविकारांत चाललेले अंतर कमी झाले तर फुफ्फुसाकडे बोट दाखवता येते. आमच्या आजारात त्या एका अंतरावर अनेक जण हक्क सांगतात. फुफ्फुस आणि फुफ्फुसधमनी तर आहेतच. हृदयाच्या स्नायूत तंतू वाढलेले असू शकतात. मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू आजाराने, कुपोषणाने किंवा नुसत्या बसून राहण्याने अशक्त होतात. घोट्या-गुडघ्यांवरची कातडी ताठ झाली की पाऊल पुरते उचलले जात नाही आणि लांबी आखूड होते. सांधे दुखतात, पायाच्या बोटांना जखमा असतात. अन्ननलिका आणि आतडी बिघडल्यामुळे अन्न अंगी लागत नाही आणि रक्त कमी होते. त्यावर पडण्याची भीती आणि उदासपणा. म्हणून फक्त अंतर पाहून ‘फुफ्फुसाचा आजार वाढला’ म्हणणे जितके चूक, तितकेच अंतर कायम आहे म्हणून फुफ्फुस ठीक आहे असे समजणेही चूक. फुफ्फुसासाठी सीटी स्कॅन आणि श्वासाच्या चाचण्या, फुफ्फुसधमनीच्या दाबासाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि गरज पडल्यास हृदयाच्या उजव्या बाजूचे कॅथेटर, यांची जागा चाल-चाचणी घेऊ शकत नाही. माझ्या श्वास-चाचणीत वायूची देवाणघेवाण निम्म्यावर आलेली आहेच. फुफ्फुसाचा वाटा शून्य नाही, पण तो एकटा नाही.

अहवालांच्या गठ्ठ्यातून त्यांनी आणखी एक कागद बाजूला काढला. चार महिन्यांपूर्वी माझे हिमोग्लोबिन ८.९, म्हणजे बरेच कमी, होते आणि त्यावर लोहाच्या गोळ्यांखेरीज काही झाले नव्हते. त्यांनी स्वतः निदान न करता डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या टोकाला कलिंगडावर असतात तसे तांबडे पट्टे दिसले; फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून थोडे थोडे रक्त झिरपत होते. स्क्लेरोडर्मात हा प्रकार ओळखीचा आहे. आर्गॉन वायूच्या साहाय्याने ते पट्टे दोन बैठकांत जाळले आणि शिरेतून लोह दिले. जिना चढताना येणाऱ्या ज्या थकव्याला मी दोन वर्षे वयाच्या आणि आजाराच्या खात्यावर टाकत होते, त्याचा बराच भाग जठरातून गळत होता.

एका बाबतीत माझा त्यांच्याशी वाद झाला, तो इथे नोंदवते कारण अशा अहवालात अनेकांची नजर आधी टक्केवारीवर जाते. अहवालात ‘अपेक्षित अंतर ५७९ मीटर, प्रत्यक्ष ६६ टक्के’ असे होते. हे अपेक्षित अंतर १९९८ साली अमेरिकेतील ४० ते ८० वयाच्या निरोगी माणसांवरून बसवलेल्या सूत्राने काढतात. स्त्रियांसाठी ते असे: सेंटिमीटरमधील उंची गुणिले २.११, वजा किलोमधील वजन गुणिले २.२९, वजा वय गुणिले ५.७८, अधिक ६६७. माझी उंची १५५, वय ५४ आणि वजन ४५ घातले की ५७९ येतात. मात्र आजाराने पोट बिघडण्यापूर्वी माझे वजन ५६ किलो होते. ते घातले तर अपेक्षा ५५४ वर येते. म्हणजे आजाराने माझे ११ किलो खाल्ले आणि सूत्राने त्याबद्दल माझ्याकडून २५ मीटर जास्त मागितले! वजन घटले की चालणे सोपे होते हे लठ्ठ माणसाला लागू आहे. कुपोषणाने वजन घटलेल्याला नाही, कारण त्याचे स्नायूच गेलेले असतात. शिवाय निरोगी भारतीय माणसेही त्या सूत्रापेक्षा कमी चालतात, असे इथल्या मोजमापांत दिसलेले आहे. मॅडमनी आधी संगणकाकडे बोट दाखवले, मग कागदावर माझ्याबरोबर गणित केले आणि शेवटी अहवालात आजारापूर्वीचे वजनही हाताने लिहिले. माझे मत असे की आमच्यासारख्यांनी टक्केवारी बाजूला ठेवावी आणि आपल्याच आधीच्या अंतराशी तुलना करावी, तीही त्याच जागी आणि त्याच बुटांत. साधारण ३० मीटरपेक्षा कमी फरकावरून आनंद किंवा चिंता करू नये.

पुनर्वसनाच्या २४ बैठका मी धाकट्या बहिणीकडे कोथरूडला राहून केल्या. प्रत्येक बैठकीचे ६०० रुपये. आरोग्य विम्याने यातले काहीही दिले नाही. व्यायाम नेहमीचेच होते, पण ते हातांचा विचार करून बदललेले होते. माझी बोटे पूर्ण मिटत नाहीत, म्हणून सायकलच्या मुठींना जाड फोम गुंडाळला. वजने हातात देण्याऐवजी मनगटाला बांधली. खुर्चीतून उठणे-बसणे, पायरी चढणे आणि भिंतीला टेकून मांड्यांचे व्यायाम यांवर भर दिला. खोली उबदार ठेवत. बुटांत चवड्याखाली मऊ सिलिकॉनची गादी आणि पुढे रुंद जागा असलेला बूट, हा बदल पहिल्याच आठवड्यात झाला आणि माझ्या मते त्याचा परिणाम पैशांच्या मानाने सर्वांत मोठा होता. कवायतीसारखे सगळ्यांना एकच माप लावलेले मला तिथे दिसले नाही, फक्त श्वासाचे व्यायाम जरा लांबवतात असे वाटले.

१२ आठवड्यांनी त्याच सज्जात, तसाच कपाळावर संवेदक लावून मी ४२६ मीटर चालले. प्राणवायू ९० टक्क्यांपर्यंत घसरला, म्हणजे जवळपास आधीइतकाच. हिमोग्लोबिन ११.४ होते. वाढलेल्या ४५ मीटरपैकी रक्ताचे किती, बुटांचे किती आणि मांड्यांचे किती हे वेगळे काढता येणार नाही, कारण एका समीकरणात तीन अज्ञात आहेत. केंद्राच्या माहितीपत्रकात मात्र हे सगळे श्रेय पुनर्वसनाला देण्याची सवय दिसते. फुफ्फुसांच्या तंतुमयीकरणात पुनर्वसनाने अंतर सरासरी सुमारे ४० मीटरने वाढते असे अभ्यासांतून दिसलेले आहे, त्यामुळे दावा पोकळ नाही, पण माझ्या बाबतीत तो एकट्या पुनर्वसनाचा नाही.

आता उणिवा. कपाळावरचा संवेदक एकच आहे. तो दुसऱ्या रुग्णाला लावलेला असेल तर ताटकळावे लागते, एकदा मी सव्वा तास बसले. अहवाल फक्त इंग्रजीत मिळतो आणि दम व थकव्याचे मापही इंग्रजीत छापलेले आहे; माझ्याबरोबर येणाऱ्या कऱ्हाडच्या आजींना ‘काहीसा तीव्र’ आणि ‘तीव्र’ यांतला फरक दरवेळी कोणीतरी समजावून सांगायचे, आणि दरवेळी वेगळा. चाचणीची फी १५०० रुपये आहे, दोन्ही खेपा धरून, ती मला रास्त वाटते. वेळ फक्त सकाळी ११ ते दुपारी २ असल्यामुळे बाहेरगावच्या रुग्णांची ओढाताण होते, पण हिवाळ्यात पहाटेच्या थंडीत चाचणी नसणे हे आमच्या बोटांच्या दृष्टीने बरेच आहे.

सर्वांत मोठी तक्रार इमारतीची. ज्यांना चालायला त्रास होतो त्यांच्यासाठीचे हे केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि माझ्या २४ बैठकांपैकी नऊ दिवस लिफ्ट बंद होती. जिना चढून गेल्यावर लगेच चाचणी घेऊ नये एवढे भान त्यांना आहे, वर पोहोचल्यावर २० मिनिटे बसवतात. तरी जाण्याआधी फोन करून लिफ्ट सुरू आहे का हे विचारून घ्यावे. आणि पहिल्या खेपेला रोजचे बूट, उबदार मोजे, हातमोजे व हिमोग्लोबिनचा ताजा अहवाल बरोबर न्यावा.